तोंडाला रंग लावण्याआधी

एकांकिका स्पर्धेत उतरणाऱ्या मुलामुलींसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी

पावसाळा सुरू झाला की महाविद्यालयांत एकांकिकांचे वारे वाहू लागते. पुण्याची पुरुषोत्तम करंडक स्पर्धा १९६३ साली सुरू झाली. आज विद्यापीठांचे युवक महोत्सव आहेत, निरनिराळ्या शहरांत आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा आहेत. आपल्या वस्त्यांतील मुलेमुलीही त्यांत हिरिरीने उतरतात. संध्याकाळी समाजमंदिरात तालीम चालते. आई ताट झाकून वाट पाहते. मुलगा रात्री अकराला घरी येतो तेव्हा आवाज बसलेला असतो, पण चेहरा खुललेला असतो. हे सारे चांगलेच आहे. मात्र आरोग्याच्या पानावर हा विषय घ्यावा लागला, तो एका दुखण्यामुळे.

गेल्या वर्षी आमच्या परिचयाच्या एका वस्तीतील मुलांनी एकांकिका केली. त्यात एका मुलाला जखमी कामगाराची भूमिका होती. रंगभूषेसाठी वेगळे पैसे नव्हते. मुलांनी दाराला लावून उरलेला ऑइल पेंट, बुटाचे पॉलिश आणि कुंकू यांवर काम भागवले. प्रयोग झाला, टाळ्या मिळाल्या. रंग साबणाने निघेना म्हणून रॉकेलाचा बोळा फिरवला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मुलाच्या पापण्या इतक्या सुजल्या होत्या की डोळे उघडत नव्हते. गालावर फोड आले होते. आठ दिवस कॉलेज बुडाले आणि त्यात एक परीक्षाही गेली. डोळे वाचले, पण गालावरचे काळपट डाग जायला कित्येक महिने लागले. त्याची आई आम्हाला म्हणाली, "नाटकाला माझी ना नाही हो. पण हे कुणीतरी आधी सांगायला पाहिजे होतं."

म्हणून यंदा त्या मुलांची तालीम सुरू होताच आम्ही त्यांच्यासोबत बसलो. रंगभूषेची जबाबदारी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षातील एका मुलीने घेतली. ती वस्तीत मेंदी काढते, हात स्थिर आहे. महिनाभरात तिने काय केले, कुठे चुकली आणि काय सुधारले, ते इथे देत आहोत. ज्यांच्या घरी असा कलावंत आहे त्यांनी हे त्याला वाचून दाखवावे.

आधी संहिता, मग डबा

रंगभूषा म्हणजे बाजारातून डबा आणून तोंड रंगवणे, असा बहुतेकांचा समज असतो. खरे काम कागदावर सुरू होते. या एकांकिकेत तीन पात्रे होती: निवृत्तीला दोन वर्षे राहिलेला एक गटारसफाई कामगार, त्याची शिकणारी मुलगी आणि एक साहेब. आम्ही त्या मुलीला प्रत्येक पात्रासाठी एक कागद करायला सांगितला. वर चेहऱ्याची साधी रेघारेघांची आकृती, आणि खाली वय, काम, आजार, प्रसंग कुठल्या वेळी घडतो, त्या वेळी दिवे कुठल्या रंगाचे आहेत आणि मध्ये रंग बदलायला किती मिनिटे मिळतात, याची नोंद. त्याच कागदावर आणखी एक रकाना ठेवला. त्यात नटाच्या त्वचेची माहिती लिहायची: मुरमे आहेत का, नायटा आहे का, दमा आहे का, पूर्वी कशाची ॲलर्जी आली होती का, चष्मा किंवा लेन्स आहे का.

हा शेवटचा रकाना कुणी लिहीत नाही. पण तो लिहिताना कळले की कामगाराची भूमिका करणाऱ्या मुलाला लहानपणापासून दमा आहे आणि साहेब झालेल्या मुलाच्या मानेवर नायटा आहे. पहिल्याच्या तोंडाजवळ पावडर उडवायची नाही आणि दुसऱ्याचा स्पंज कुणी वापरायचा नाही, हे त्याच दिवशी ठरले.

काळा रंग म्हणजे गरिबी नव्हे

पहिले चित्र तयार झाले तेव्हा तिने कामगाराला गडद काळपट बेस आणि साहेबाला गोरापान बेस लिहिला होता. तालमीला चहा घेऊन येणाऱ्या एका मावशींनी तो कागद पाहिला. त्यांचे पती महापालिकेत गटारसफाईला होते. त्या म्हणाल्या, "पोरी, आमच्या माणसाला तू कोळसा फासलास आणि साहेबाला पिठात घोळलंस. असं कुठं असतंय? ह्यांचा मुकादम ह्यांच्याहून काळा होता."

सगळे हसले आणि मग गप्प झाले. सिनेमात आणि नाटकात गरीब माणूस दाखवायचा म्हणजे काळा रंग फासायचा, ही सवय इतकी मुरली आहे की आपली मुलेही ती नकळत उचलतात. तिने मावशींनाच विचारले, "मग काका दिसायचे कसे?" मावशी सांगत गेल्या. डोळे कायम लालसर. बोटांच्या पेरांवर चिरा. पावसाळ्यात पायाची बोटे भिजून पांढरी पडलेली. डाव्या पोटरीवर काच लागल्याचा जुना व्रण. खोकला आला की एका हाताने भिंत धरायची.

त्या अर्ध्या तासात रंगभूषा ठरली. दोन्ही नटांचा बेस त्यांच्या स्वतःच्या त्वचेच्या रंगाचा ठेवला. कामगार ओळखू यायचा तो हातापायांवरून. बोटांवर मुलतानी मातीचा पातळ लेप लावायचा आणि तो सुकला की मूठ उघडमीट करायची, म्हणजे चिरा आपोआप पडतात. गटारातला गाळ दाखवायला मुलतानी माती, कोको पावडर आणि थोडे ग्लिसरीन. खरी माती किंवा गटाराकाठची घाण लावण्याचा मोह कुणी करू नये, अंगावर बारीक जखम असली तरी धनुर्वाताचे भय असते. पोटरीवरच्या व्रणासाठी व्हॅसलीनमध्ये मैदा मळून घट्ट गोळा केला. रक्त हवे असेल तर साखरेचा घट्ट पाक, खाण्याचा लाल रंग आणि चिमूटभर कोको पुरतो. फक्त प्रयोग झाल्यावर लगेच धुवा, नाहीतर मुंग्या अंतिम फेरीला येतील.

वय दाखवण्याची युक्तीही सोपी आहे. कपाळावर काळ्या पेन्सिलीच्या रेघा ओढू नयेत, त्या दुरून पट्ट्यांसारख्या दिसतात. नटाला भुवया उंचवायला आणि डोळे बारीक करायला सांगा. ज्या सुरकुत्या त्याच्याच चेहऱ्यावर पडतात, त्यांत त्वचेपेक्षा दोन छटा गडद तपकिरी रंग भरा, कडेला एक छटा उजळ रंग द्या आणि बोटाने विरघळवा. मान आणि हात विसरू नका. तरण्या हातांचा म्हातारा प्रेक्षकांच्या लगेच लक्षात येतो.

गोरे होण्याची क्रीम नको

स्पर्धेची तारीख जवळ आली की मुली, आणि आता मुलेही, "पंधरा दिवसांत गोरेपणा" देणाऱ्या क्रीमच्या मागे लागतात. यांतल्या अनेक क्रीममध्ये स्टेरॉइड असते. पहिले काही दिवस चेहरा उजळ दिसतो. मग त्वचा पातळ होते, लाल पडते, मुरमे उठतात आणि उन्हात आग होते. क्रीम थांबवली की त्रास आणखी वाढतो. बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन ही नावे ट्यूबवर दिसली तर ती सौंदर्याची क्रीम नव्हे, ते औषध आहे. डॉक्टरांनी दिल्याशिवाय ते लावू नये.

बिनलेबलाच्या डबीत याहून वाईट गोष्ट असू शकते, ती म्हणजे पारा. केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात २०२३ साली काही रुग्णांच्या मूत्रपिंडाला इजा झाली, आणि त्याचा संबंध अशाच पारायुक्त गोरेपणाच्या क्रीमशी आढळला. रंगमंचावर दिवे पडले की सावळा चेहरा उठून दिसतो. रंगभूषा नीट असली तर त्वचेचा मूळ रंग बदलण्याची काहीच गरज नसते.

दिव्याखाली रंग बदलतो

घरातल्या ट्यूबलाइटखाली केलेली रंगभूषा मंचावर वेगळी दिसते. लाल दिव्यात लाली आणि रक्त फिके पडून नाहीसे होते. हिरव्या किंवा निळ्या दिव्यात तेच रक्त काळे दिसते. पिवळसर दिव्यात पिवळा रंग उडून जातो. म्हणून प्रकाशयोजना करणाऱ्या मित्राबरोबर बसून कुठल्या प्रसंगाला कुठला रंग आहे ते लिहून घ्यावे. दिवे मिळत नसतील तर बॅटरीवर रंगीत जिलेटिनचा कागद लावून पाहावे.

आणि दुरून पाहावे. आमच्या मुलीने नटाला समाजमंदिराच्या एका टोकाला उभे केले आणि स्वतः दुसऱ्या टोकाला गेली. जवळून छान दिसणारे अर्धे काम तिथून दिसतच नव्हते. मग तिने अर्धे काम काढूनच टाकले. इथे आरोग्याचाही लाभ आहे: जे दिसत नाही ते लावू नये. जितका रंग कमी, तितकी त्वचा सुखी.

काय लावू नये

आपल्या जुन्या रंगपटात मुरदाडशिंग, हिंगूळ, हरताळ असे पदार्थ तोंडाला लावत. मुरदाडशिंग म्हणजे शिशाचे संयुग, हिंगुळात पारा असतो आणि हरताळात आर्सेनिक म्हणजे सोमल. कित्येक कलावंतांनी जन्मभर हे विष चेहऱ्यावर वागवले. युरोपातही नट शिशाचा पांढरा रंग फासत. पुढे जर्मन गायक लुडविग लाइखनर यांनी १८७३ मध्ये बर्लिनला शिसे नसलेले रंग तयार करण्याचा कारखाना काढला. आज आपल्याकडे पर्याय आहेत, तरी बाजारात सुटी भुकटी मिळतेच.

शेंदूर आणि कुंकू यांचेही तसेच. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठाच्या अभ्यासात, अमेरिका आणि भारतातून घेतलेल्या शेंदराच्या ११८ नमुन्यांपैकी अनेक नमुन्यांत शिसे मर्यादेपेक्षा जास्त होते. शिसे लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला बाधक आहे आणि त्याचे सुरक्षित प्रमाण कुठलेच नाही. रंगलेले हात न धुता घरी येऊन धाकट्या भावंडाला भरवले, तर ते विष त्याच्या पोटात जाते.

सोनेरी आणि चंदेरी रंगाबद्दल आपल्याला विशेष सांगावेसे वाटते, कारण जयंतीच्या मिरवणुकीत आणि बुद्धपौर्णिमेला लहान मुलांना मूर्तीसारखे रंगवण्याची हौस असते. हार्डवेअरच्या दुकानातील सोनेरी भुकटी म्हणजे बहुधा तांबे आणि जस्त, चंदेरी म्हणजे ॲल्युमिनियम. 'द विझर्ड ऑफ ऑझ' या चित्रपटाच्या वेळी, १९३८ मध्ये, पत्र्याच्या माणसाची भूमिका मिळालेले नट बडी एब्सन यांच्या चेहऱ्यावर ॲल्युमिनियमची भुकटी लावत. ती श्वासातून आत गेली, त्यांना रुग्णालयात ठेवावे लागले आणि भूमिका दुसऱ्या नटाकडे गेली. हॉलिवुडमध्ये हे घडले, तर आपल्या लेकराच्या नाकाशी ही भुकटी कशाला न्यावी? त्वचेसाठी बनवलेला, पाण्याने निघणारा रंग घ्या, आणि तोही फक्त थोड्या भागाला लावा.

थोडक्यात, ऑइल पेंट, पोस्टर कलर, बुटाचे पॉलिश, होळीचे रंग, चुना, सुटा शेंदूर, केसांचा काळा डाय आणि काळी मेंदी चेहऱ्याला लावू नये. मिशी चिकटवायला लाकडाचा गोंद किंवा झटपट चिकटणारा गोंद वापरू नये, तो त्वचेसकट निघतो. मिशीसाठी मिळणारा स्पिरिट गमच घ्यावा, पण तो पेट घेणारा असतो, म्हणून रंगपटात काडी, बिडी, मेणबत्ती नको.

विकत घेताना डबीवर उत्पादकाचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि मुदतीची तारीख पाहा. आपल्या देशाच्या नियमांनुसार सौंदर्यप्रसाधनांत वापरायच्या रंगांत शिसे दहा लाखांत २० भागांपेक्षा आणि आर्सेनिक २ भागांपेक्षा जास्त असू नये. ज्या डबीवर नाव-पत्ताच नाही, तिच्याबद्दल जाब विचारायचा कुणाला? पैसे कमी असतील तर पाच रंगांचा भारी संच नको. नटांच्या रंगाशी जुळणारे दोन बेस, एक तपकिरी, एक पांढरा, एक लाल आणि काजळ एवढ्यावर एकांकिका होते.

आठवडाभर आधी चाचणी

रंग, गोंद, लेप जे काही लागणार असेल, ते स्पर्धेच्या आठवडाभर आधी प्रत्येक नटाच्या कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढे लावा. प्रयोगात जितका वेळ राहणार तितका वेळ ठेवून धुवा. मग दोन दिवस पाहा. ॲलर्जी लगेच दिसतेच असे नाही, काही वेळा ४८ तासांनी पुरळ उठते. खाज, लाली किंवा फोड आले तर ती वस्तू त्या नटासाठी बाद. आमच्या गटात मुलीची भूमिका करणाऱ्या नटीला स्पिरिट गमने खाज सुटली. तो तिला लागणारच नव्हता, पण तिच्या खोट्या वेणीची पिन गमने बसवायचे ठरत होते, ते रद्द झाले.

टिकलीच्या गोंदाने कपाळावर पांढरा डाग पडलेल्या बायका आपल्या वस्तीतही दिसतात. त्या गोंदातील रसायनाने त्वचेचा रंग जातो, आणि लोक त्याला कोड म्हणून नावे ठेवतात. तो संसर्गजन्य नाही. टिकली वापरणे लगेच थांबवून त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे.

एकाचा ब्रश दुसऱ्याला नको

रंगपटात घाई असते. एकच काजळ पाच डोळ्यांत फिरते आणि आठवड्याने पाचही जणांचे डोळे येतात. एकच लिपस्टिक फिरली तर ओठांवरचे नागिणीसारखे बारीक फोड पसरतात. स्पंजातून नायटा जातो, भाड्याच्या विगमधून उवा येतात.

उपाय खर्चाचे नाहीत. फोमचा एक मोठा तुकडा कापून प्रत्येकाला वेगळा स्पंज द्या आणि त्यावर नाव लिहा. काजळ प्रत्येकाचे स्वतःचे. लिपस्टिक ताटलीत खरवडून घ्या आणि कापसाच्या काडीने लावा. ब्रश साबणाने धुऊन सुकवा. विगच्या आत सुती टोपी घाला. वस्तीत नळाला ठरावीक वेळीच पाणी येते, म्हणून प्रयोगाच्या दिवशी सकाळीच दोन बाटल्या उकळून गार केलेले पाणी भरून सोबत न्या. ते डोळ्यांसाठी ठेवायचे. रंग लावणाऱ्याने आधी स्वतःचे हात धुवावेत.

रंग उतरवणे हेही रंगभूषेचेच काम

निकालाच्या गडबडीत मुले रंग न काढताच बसतात, कधी तसेच झोपतात. आमच्या मुलीने याचीही वेळ कागदावर लिहिली होती: प्रयोग संपल्यावर अर्ध्या तासात सर्वांचे चेहरे स्वच्छ. खोबरेल तेल हलक्या हाताने चोळायचे, जुन्या मऊ सुती कापडाने पुसायचे, पुन्हा तेल, मग सौम्य साबण आणि पाणी. गोंद असेल तर तेल पाच मिनिटे मुरू द्यायचे, ओढायचे नाही. रॉकेल, टर्पेंटाइन, पेट्रोल, कपड्याची पावडर, भांड्यांची घासणी यांना चेहऱ्यापासून दूर ठेवा.

एवढे करूनही त्रास झाला तर घाबरू नका. आग होऊ लागली की प्रयोगाची पर्वा न करता रंग धुवा. डोळ्यात काही गेले तर लेन्स काढून स्वच्छ पाण्याने किमान पंधरा मिनिटे डोळा धुवा, चोळू नका, आणि दुखणे किंवा धूसर दिसणे राहिले तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. ओठ किंवा पापण्या सुजल्या, श्वासाला त्रास झाला, तर वेळ न घालवता रुग्णालय गाठा आणि वापरलेली डबी सोबत न्या. मेडिकलमधून मनाने ट्यूब आणून लावू नका.

यंदाच्या प्राथमिक फेरीला आम्ही गेलो होतो. मावशीही होत्या. पडदा उघडला आणि कामगाराने भिंत धरून खोकायला सुरुवात केली, तेव्हा त्यांनी पदर तोंडाला लावला. प्रयोगानंतर त्या रंगपटात गेल्या, त्या मुलाचे मातीने चिरलेले हात हातात घेतले आणि म्हणाल्या, "आता धू बाबा. ह्यांचे कधी निघालेच नाहीत." मुलीने तेलाची बाटली त्यांच्याच हातात दिली. मावशींनी त्याचे हात पुसून काढले.

गट अंतिम फेरीला गेला नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या तासाला तिन्ही नट वर्गात हजर होते आणि कुणाच्याही चेहऱ्यावर डाग नव्हता.

हे पान कापून मेकअपच्या डब्यात ठेवा.